गोधडीच्या पोटातले तांदूळ

मी तोंडाची फटकळ. घाटकोपरात कुणालाही विचारा. सख्ख्या भावाचं कौतुक माझ्या तोंडून निघत नाही, आणि आमच्या ह्यांचं तर लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी निघालेलं नाही. म्हणून सांगते, शेवंतीबाईंचं नाव काढताना माझी मान ताठ होते ती उगीच होत नाही.

शेवंतीबाई आमच्याकडे कांडणाला यायच्या. उन्हाळ्यात मिरच्या, एरवी हळद, भाजणी, शिकेकाई. नवरा दत्ताराम कुर्ल्याच्या गिरणीत, प्रेमा नावाची एकुलती मुलगी, आणि राहायला टेकडीच्या पायथ्याच्या चाळीत एक खोली. माणसं मालवणकडची. बाई अंगानं काटक, बोलायला कमी. पण जे बोलतील ते सरळ टाळक्यात. वयानं माझ्यापेक्षा मोठ्या होत्या, तरी मी त्यांना 'अगं शेवंती' म्हणायचे. तेव्हा त्यात काही वाटायचं नाही. आता वाटतं.

गोष्ट एक्कावन्न सालच्या हिवाळ्यातली. हिवाळा म्हणायचं आपलं, आमच्याकडे डिसेंबरात अंगावर टॉवेल घेतला तरी पुरतो. तिकडे कोरियात मात्र लढाईचा दुसरा हिवाळा चालू होता. वर्तमानपत्रात फोटो यायचे: जळालेली गावं, बर्फातून चाललेली माणसं, डोक्यावर बोचकी, पाठीवर म्हातारी. फोर्टातल्या एका मदत समितीनं आवाहन केलं, की तिथल्या बेघर लोकांसाठी गरम कपडे आणि पांघरुणं द्या, जानेवारीअखेर जहाज सुटणार आहे. मी आमच्या महिला मंडळाची चिटणीस. उत्साहाला तोटा नव्हता. ठरलं, स्वेटर विणायचे.

आता घाटकोपरच्या बायकांनी स्वेटर कधी बघितलेत? मंडळातल्या वसुधाच्या पुण्याच्या मावशीनं पत्रातून विणकाम शिकवलं. महिनाभर आम्ही दुपारच्या झोपा मोडल्या आणि झाले किती, तर साडेतीन. वसुधाच्या स्वेटरचा एक हात कोपरापर्यंत आणि दुसरा गुडघ्यापर्यंत. आमचे हे म्हणाले, "कोरियात असा माणूस सापडला की कळव." मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

एक दिवस आमची सभा ओटीवर भरली होती आणि शेवंतीबाई मागल्या अंगणात शिकेकाई कांडत होत्या. सगळ्या शिंकतायत आणि बर्फातल्या लोकांवर चर्चा चाललीय. कांडण संपवून बाई हात पुसत दाराशी आल्या, फोटो निरखून बघितला आणि म्हणाल्या, "बाये, ती माणसां निजतत खंय?"

मी म्हटलं, "अगं, त्यांच्या अंगात घालायला..."

"घालतत काय ता मी इचारूक नाय. निजतत खंय ता सांगा."

महिनाभर सुया घेऊन बसलेल्या आम्ही शिकल्यासवरल्या अकरा बायका, आणि ही माणसं रात्री अंग कुठं टाकतात हा विचार एकीच्याही मनात आला नव्हता! बाई म्हणाल्या, "आंगाखाली एक आणि आंगार एक होया. गोधडे शिवया." झालं. आमचं विणकाम त्या दिवशी बंद पडलं, ते आजवर बंदच आहे.

चाळीतल्या बायका शिवायला बसल्या. जुनी लुगडी गोळा करायचं काम माझ्याकडे. मी आळीत फिरून दोन मोठी गाठोडी आणली आणि फुशारकीनं बाईंच्या खोलीत टाकली. बाईंनी एकेक लुगडं उजेडात धरून बघितलं आणि निम्मी माझ्याकडे परत फेकली. "ह्या आमच्या घरात पोतेऱ्याक पण चलाचा नाय. परत देवन येवा." बड्या बड्या घरची लुगडी होती हो ती! मी ती परत द्यायला गेले तेव्हा काय काय ऐकून घेतलं ते मलाच ठाऊक. बाईंचा हिशेब साधा होता. ज्यावर आपण निजणार नाही ते दुसऱ्याला द्यायचं नाही. उरलेली लुगडी त्यांनी सोडा घालून उकळली आणि टेकडीवर वाळत घातली. आठवडाभर ती टेकडी रंगपंचमी झाल्यासारखी दिसत होती.

मग प्रश्न आला थरांचा. कोकणातली गोधडी तीन-चार थरांची. बाईंनी मला विचारलं, "बर्फ किती गार?" मी म्हटलं, सरबतातल्या बर्फाइतका, पण सगळीकडे. बाईंनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनाजवळच्या बर्फवाल्याकडे जाऊन भुश्यातली लादी मोकळी करायला लावली. तिच्यावर चार थरांची गोधडी अंथरली आणि बाई वर मांडी ठोकून बसल्या! बघ्यांची ही गर्दी. बर्फवाला म्हणतोय, "मावशी, डोकं फिरलं का?" थोड्या वेळानं उठल्या, "नाय चलाचा" म्हणाल्या. मग सहा थर. मग आठ. नऊ थरांवर मात्र पानाचा विडा खाऊन होईपर्यंत बसल्या आणि तशाच कोरड्या उठल्या. "नऊ," म्हणाल्या. मी लाजेनं लांब उभी होते. आज तीच हकिकत दहा जणांना रंगवून सांगते.

नऊ थर म्हणजे सुई जाता जात नाही. बायकांची बोटं सुजली. कडेनं धावदोरा घालत फिरत फिरत आत यायचं, आणि शेवटी मधोमध वीतभर जागा उरते, तिला त्या बायका गोधडीचं पोट म्हणत. ते बंद करायचं काम बाई कुणाला देत नसत. ती गोधडी त्या आपल्या कोपऱ्यात घेऊन जायच्या, प्रेमाला हाक मारायच्या आणि दोघी पाठमोऱ्या बसून काहीतरी करायच्या. मी कधी लक्ष दिलं नाही. जानेवारीच्या मध्यावर चाळीस गोधड्या तयार झाल्या आणि लॉरीत घालून मी त्या फोर्टातल्या गोदामात घेऊन गेले. छाती अशी फुगली होती म्हणता!

गोदामात तपासणीला विद्याधरराव म्हणून गृहस्थ होते. चष्मा नाकावर, स्वभाव कडक. त्यांनी वरचीच गोधडी घेतली, शिवण ओढून बघितली, वास घेतला, खूश झालेले दिसले. मग हात फिरवता फिरवता मध्यावर थांबले. दाबून बघितलं. खिशातून चाकू काढला आणि पोट फाडलं.

टेबलावर तांदूळ सांडले.

"हे काय आहे?" ते म्हणाले. मला काय ठाऊक! त्यांनी दुसरी चाचपली, तिसरी चाचपली. सगळ्यांच्या पोटात तांदूळ. "बाई, कापडाच्या गासडीत धान्य चालत नाही. कीड लागते, उंदीर लागतात, बंदरात सगळा माल अडवतात. तुमच्या चाळीसांपायी बाकीच्यांचा हजारांचा माल मी धोक्यात घालू? घेऊन जा." जहाजाची भरती चार दिवसांवर आली होती. मी विनवण्या केल्या. ते म्हणाले, धान्य काढून तीन दिवसांत आणा, घेतो. नाहीतर नाही.

मी घाटकोपरला परतले ती पेटूनच. चाळीच्या अंगणात गोधड्या उतरवल्या आणि सगळ्या बायकांसमोर बाईंवर सुटले. "अगं शेवंती, अक्कल गहाण टाकलीस का? तांदूळ? रेशनचे दिवस, पोरांना अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खायला घालतो आपण, आणि तू तांदूळ गोधडीत शिवतेस? वाट लावलीस की गं सगळ्याची! माझं नाक कापलंस तिथं!" आणखीही पुष्कळ बोलले. सगळं सांगत नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "ती माणसां खातत काय?"

"कोण?"

"ती कोरियातली."

मी जरा गडबडले. "भातच खातात. वाचलंय मी कुठंतरी."

बाईंचा चेहरा उजळला. "मगे? मगे तांदळाक नाय कित्याक?"

मी कपाळावर हात मारून घेतला. बाकीच्या बायका म्हणाल्या, जाऊ दे गे, पोटं उसवूया, तांदूळ काढूया, परत शिवूया. तीन दिवस पुष्कळ झाले. बाई उठून गोधड्यांच्या ढिगासमोर उभ्या राहिल्या. "माझ्या दारातसून गोधडी उपाशी जावची नाय. होया तर जाळून टाकीन."

"हट्टाला पेटू नकोस! तिकडे माणसं गारठून मरतायत!"

तेव्हा बाई खाली बसल्या. प्रेमा पायरीवर बसली होती, तिला जवळ ओढलं, आणि सांगायला लागल्या. त्यांना इतकं सलग बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

मागच्या महायुद्धाच्या आधी दत्ताराम रंगूनला भातगिरणीत कामाला होता. तांदळाचे डोंगर असायचे तिथं, बाई म्हणाल्या, पायाखाली तुडवायचे. लग्न होऊन त्या निघाल्या तेव्हा आईनं गोधडी दिली होती. त्यांच्या गावी गोधडीचं पोट रिकामं ठेवत नाहीत, चार दाणे घालतात. पण लेक समुद्रापलीकडे चाललीय म्हणून आईनं चांगली मूठभर घातली. पुढं जपान्यांचे बाँब पडले, रंगून पळालं. हे तिघं हजारो माणसांबरोबर डोंगर ओलांडत चालत निघाले. प्रेमा पावणेदोन वर्षांची. वाटेत पटकी, पाणी नाही, दत्तारामला ताप. जवळचं सगळं संपलं, आणि अंगावरचं दूध आटलं. दोन दिवस प्रेमा रडली. तिसऱ्या दिवशी रडायची थांबली.

"तेवा माका आवशीची मूठ आठवली," बाई म्हणाल्या. गोधडीचं पोट त्यांनी दातानं उसवलं. पत्र्याच्या डब्यात पेज केली. दाणे मोजून मोजून चार दिवस पुरवले. पाचव्या दिवशी एका गावात कुणीतरी भात दिला, आणि तिथून ते चितगावला पोचले.

"ह्यां चेडू त्या तांदळार जगलां," असं म्हणून बाईंनी प्रेमाच्या डोक्यावर हात ठेवला. "आता सांगा, पोट रिकामा ठेवू?"

मग मी विचारलं, की प्रत्येक गोधडीत घातलेस किती? प्रेमानं आपली मूठ वळून दाखवली. तिच्या मुठीचं माप होतं. चाळीस मुठी, त्या घरच्या रेशनमधल्या. बाई आणि दत्ताराम महिना-दीड महिना रात्री मिलोची भाकरी खात होते, आणि मी त्यांच्या अकलेचं माप काढत होते. मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "शेवंतीबाई, चुकलं माझं. तुम्ही सांगाल तसं करू." त्या दिवसापासून मी त्यांना कधी 'अगं' म्हटलं नाही.

पण नियम तो नियम. तांदूळ आत राहिले तर गोधड्या जाणार नाहीत आणि तांदूळ काढले तर बाई जाऊ देणार नाहीत. बाई तिथंच बसून राहिल्या. चाकूनं फाडलेल्या गोधडीचं पोट मांडीवर घेऊन त्याची कड बोटानं चाचपत होत्या. संध्याकाळी दिवेलागणीला त्यांनी सुई मागितली. पोट बंद न करता त्यांनी त्याच्या कडा आत दुमडल्या, तीन बाजू शिवल्या, चौथी उघडी ठेवली आणि वर एक झडप लावली. वरून दिसणारही नाही असा चोरखिसा, गोधडीच्या मधोमध.

"माझे तांदूळ नाय जाईत," म्हणाल्या. "पण तेंका खंय मूठभर गावले, तर लपवूक जागा होई ना? वाटेर माणसा हातातला ओढून घेतत."

हे फक्त त्या वाटेनं चाललेल्या माणसालाच सुचलं असतं. तीन दिवस अख्खी चाळ बसली, आम्ही मंडळाच्या बायकाही बसलो. मी स्वतः चार खिसे शिवले, त्यातले दोन बाईंनी उसवून परत करायला लावले. काय सांगू, त्याचाही मला अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी गोदामात मी बाईंना बरोबर घेऊन गेले. विद्याधररावांनी चाळीसच्या चाळीस चाचपल्या. खिशात हात घातला, चष्मा वर केला. "हे कशाला?" मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनीच सांगितलं. रंगूनचंही सांगितलं, चार वाक्यांत. विद्याधररावांनी एकोणचाळीस गोधड्या गासडीत बांधायला सांगितल्या. आपण चाकूनं फाडलेली चाळिसावी मात्र बाजूला ठेवली, तिचे आतले थर कापले गेले होते. मग टेबलाच्या खणातून एक कागदाची पुडी काढली. परवा सांडलेले तांदूळ त्यांनी वेचून ठेवले होते. "हे तुमचे," ते म्हणाले, आणि उभे राहून दोन्ही हातांनी दिले. तो कडक माणूस एका कांडणाऱ्या बाईसमोर उभा राहिला, हे मी डोळ्यांनी बघितलं. पावतीवर देणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. मंडळाचं नाव मी खोडलं आणि लिहिलं, शेवंतीबाई आणि त्यांची चाळ. वसुधा आठवडाभर धुसफुसत होती. धुसफुसेना का!

घरी डबाभर तांदूळ जमले होते. मी म्हटलं, आता तरी प्रेमाला भात करून घाला. बाई म्हणाल्या, "दिलेला परत घेवचा नसता. कोरियाक जावक नाय तर चेंबुराक जातले."

चेंबूरला! सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी तिथं चार वर्षं होती. घाटकोपरपासून चालत तासाभराची वाट. आणि मी, कोरियाच्या फोटोंवर डोळे पुसणारी महिला मंडळाची चिटणीस, एकदाही तिकडे गेले नव्हते. बाईंनी मला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. शेतांच्या बांधावरून, दलदलीच्या कडेनं. डबा बाईंच्या डोक्यावर, मला हातसुद्धा लावू दिला नाही. छावणीत लांबच लांब बराकी, मध्ये गोणपाटाचे पडदे, एकेका पडद्याआड एकेक संसार. बाई सरळ पहिल्या बराकीत शिरल्या. एक म्हातारी सिंधी बाई चुलीशी बसली होती, शेजारी दोन नातवंडं. ना तिला मराठी, ना ह्यांना सिंधी. बाईंनी डबा समोर ठेवला आणि हातानं निजल्याची, मग खाल्ल्याची खूण केली. म्हातारीला काय कळलं कुणास ठाऊक. तिनं ओढणी पसरली. बाईंनी डबा पालथा केला.

आम्ही निघालो, तर म्हातारीनं हाक मारली. तिनं त्याच तांदळातली एक मूठ भरली आणि बाईंचा पदर ओढून त्यात टाकली. बाई दचकल्या. दिलेलं परत न घेणारी बाई ती! मी बघत राहिले, आता काय करणार. बाईंनी म्हातारीच्या तोंडाकडे बघितलं आणि पदराला गाठ मारली. बांधावरून परत येताना त्या पुढं आणि मी मागं. त्या वाटभर रडत होत्या.

ती फाटलेली चाळिसावी गोधडी बाईंनी आतले थर बदलून पुन्हा शिवली. तिचं पोट बंद केलं, आणि आत घातली ती चेंबूरची मूठ. पुढं त्या दर संक्रांतीला चेंबूरला जात राहिल्या. मीही जाते. बाकीच्या एकोणचाळीस गोधड्यांचं काय झालं, कुणाच्या अंगाखाली गेल्या, खिशात कुणी काय लपवलं, आम्हाला कधी कळलं नाही. बाईंनी कधी विचारलंही नाही.

यंदाच्या वैशाखात प्रेमाचं लग्न झालं. मुलगा रेल्वेत आहे, बदली दूर आसामात झालीय, दोघं तिकडेच चालली. निघताना सामानात भांडी, पेटी आणि वर ती गोधडी. वळकटी मी बांधली. बांधताना मध्यावर बोट फिरवून बघितलं. दाणे लागले.

प्रेमा पाया पडायला वाकली. मी एरवी नवऱ्या मुलींना पुष्कळ उपदेश करते. तिला एवढंच म्हटलं, "उसवायची वेळ आली तर लाजू नकोस. आणि आली नाही, तर कुणाला देऊन टाक."